वरवंटा बेटावरचे एकशे साठ कान

पुरसोदादाने माझ्याशी बोलणं टाकलं, त्याला त्या कार्तिकात सात महिने झाले होते. तोपर्यंत आमचं भांडण फार तर दोन दिवस टिकायचं, कारण तिसऱ्या दिवशी तो मोबाइलचा पासवर्ड विसरायचा आणि शेजारच्या फोनवरून मला हाक मारायचा. या वेळी त्याने पासवर्ड खडूने भिंतीवर लिहून ठेवला आहे, असं वहिनीने मला कळवलं. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

चूक म्हणाल तर माझ्या अहवालाची होती. मी कालिंदी घाडी, वय वर्षं बावन्न, शिक्षण ध्वनिशास्त्राचं, नोकरी बेट संवर्धन मंडळात. पुरसोदादा माझा थोरला भाऊ आणि वरवंटा बेटावरचा घाडी. म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचं आणि देवाने दिलेला कौल गावाला सांगायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे आलेलं काम. एकाच आईच्या पोटची आम्ही दोघं. एकाने देवाचं ऐकायचं काम घेतलं, दुसरीने वटवाघळांचं.

वरवंटा हे मालवणच्या उत्तरेला, किनाऱ्यापासून होडीने अर्ध्या तासावर असलेलं चिमुकलं बेट. खरोखरच पाट्यावरच्या वरवंट्यासारखं, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळतं. त्रेचाळीस घरं, एक देऊळ, उंडी आणि किंजळीची दाट राई, आणि पश्चिमेच्या कड्यात समुद्राने कोरलेल्या गुहा. एवढ्याशा जागेत वटवाघळांच्या तेरा जाती राहत होत्या. अख्ख्या किनाऱ्यावर एवढ्या जाती एका ठिकाणी कुठेच नव्हत्या, म्हणून बेटाला संरक्षण मिळालं. त्या संरक्षणाबरोबर एक कलमही आलं. मंडळाच्या ओळीने तीन गणनांमध्ये जाती घटत गेल्या, तर माणसांची वस्ती किनाऱ्यावर हलवायची.

पहिल्या गणनेत तेरा जाती होत्या. मग अकरा, मग नऊ. २०४३ च्या चैत्रात मी तिसऱ्या घटीचा अहवाल सही करून दिला. त्यात आठ होत्या.

"माझ्या भयणीन माका घरातसून भायर काडल्यान," दादा देवळासमोर सगळ्या गावादेखत म्हणाला, आणि त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी पुण्यात बसून रडले, आणि मग स्वतःची समजूत घातली की आकडे हे आकडे असतात.

आता ते आकडे यायचे कुठून, ते सांगते, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. म्हातारपणी त्याहून बराच कमी. वटवाघूळ ओरडतं ते त्याच्या वर, थेट लाख-दीड लाख कंपनांपर्यंत. त्या ओरडण्याचा प्रतिध्वनी ऐकून त्याला अंधारातला डास आणि डासामागची भिंत दोन्ही कळतात. प्रत्येक जातीची पट्टी वेगळी. एखाद्या गवयाला पेटीचा सूर ऐकून पट्टी सांगता येते, तशी यंत्राला आवाज ऐकून जात सांगता येते. हे काम करणारं यंत्र मी बनवलं. सुपारीएवढा एक कान, वर नखाएवढी सौरपट्टी. असे कान झाडाझाडावर बांधायचे. ते रात्रभर ऐकतात आणि सकाळी हिशेब पाठवतात. मंडळाने त्याला कर्णजाल असं भारदस्त नाव दिलं. गाव मात्र "कालिंदीचे कान" म्हणायचा.

नुसतं ऐकून भागत नव्हतं. वटवाघूळ कुठून कुठे उडालं, एकच दोनदा मोजलं गेलं का, हे कळायला प्रत्येक कानाला दुसरा कान नेमका किती अंतरावर आहे ते ठाऊक हवं. वाऱ्याने फांद्या हलतात, अंतर बदलतं. म्हणून दर अर्ध्या सेकंदाला प्रत्येक कान एक बारीकशी हाक मारायचा आणि बाकीचे ती हाक ऐकून अंतर मोजायचे. हाक अर्थातच आपल्याला ऐकू न येणाऱ्या पट्टीतली. मोजणीत या हाकांचा घोळ होऊ नये म्हणून नोंदींतून त्या आपोआप गाळून टाकायची सोय मी केली होती. त्या गाळणीसाठी मला दिल्लीत एक पदकही मिळालं होतं. ते अजून कपाटात आहे.

पहिल्या गणनेला बारा कान होते, दुसरीच्या आधी मंडळाने हौसेने चाळीस केले. जाती घटल्या तेव्हा मंडळ म्हणालं, आपलं ऐकणं कमी पडतंय, कान वाढवा. नव्वद झाले. आणखी घटल्या, आणखी वाढवले. शेवटी एकशे साठ.

त्या कार्तिकात एका दुपारी माझा फोन वाजला. दादाचा नंबर होता.

"गावपळणीचो कौल झालो," तो म्हणाला. कशी आहेस नाही, काय नाही. "अमाशेच्या आदल्या दिवशी गाव भायर पडतला. तुझे कान काडून ने."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात काही गावांना गावपळण असते. तीन-चार वर्षांतून एकदा देवाला विचारायचं, आणि कौल मिळाला की सगळ्या गावाने गाव सोडून शिवेबाहेर जायचं. तीन दिवस आणि तीन रात्री. म्हातारी माणसं, पाळण्यातली पोरं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळ्यांनी. चुली विझवायच्या, दिवे बंद. ते तीन दिवस गाव देवाचा आणि त्याच्या गणांचा. आमचा गाव बेटावर, त्यामुळे आम्ही होड्यांतून समोरच्या वाळूच्या दांड्यावर जातो आणि तिथे झावळ्यांच्या खोपी बांधून राहतो. मांजरं तेवढी मागे राहतात, कारण मांजराला देवसुद्धा काही सांगायला जात नाही.

"कान मंडळाचे आसत, दादा. माझे न्हय."

"बांदले कोणी?"

"मी."

"तू खंयची?"

"वरवंट्याची."

"तू गावची, म्हणान कान गावचे. गावपळणीत गावचा काय्येक मागे रवता नये. कोंबो नाय, कुत्रो नाय, तुझो कान नाय." आणि त्याने फोन ठेवला.

पंचाईत अशी होती की नेमकं याच्या उलट फर्मान माझ्या टेबलावर पडलेलं होतं. मंडळाचे संचालक बिवलकर साहेब हुशार माणूस. गावपळणीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि ते खूश होते.

"घाडीमॅडम, अशी संधी मागून मिळत नाही," ते म्हणाले. "तीन दिवस बेटावर एकही माणूस नाही. कान चालू ठेवा. माणसं नसताना जाती वाढल्या, तर वस्ती हलवण्याचा निर्णय निर्विवाद. मार्गशीर्षात बैठक आहे, तिथे हाच आकडा ठेवू."

शास्त्र त्यांच्या बाजूने होतं. प्रयोग सुरेख होता. मी मान डोलावली, घरी आले आणि रात्रभर माझा डोळा लागला नाही. दादाचं घर जाणार होतं, देऊळ सुनं पडणार होतं, आणि ते माझ्या सहीने. त्यातून त्याने सात महिन्यांनी एक गोष्ट मागितली होती. तीही स्वतःसाठी नाही, देवासाठी. सकाळी उठून मी मंडळाला कळवलं की सर्व कान दुरुस्तीसाठी उतरवत आहे. बावन्न वर्षांत मी लेखी खोटं बोलले ते एवढंच, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

गावातल्या माडावर चढणाऱ्यांनी एका दिवसात एकशे साठ कान उतरवले. बायकांनी मासळीच्या पाट्यांतून ते होडीत आणून ठेवले. मी ते मोजून एकेक बंद केले. सुगंधावहिनी माझ्या मदतीला आली होती. तिने एक कान नाकाजवळ नेऊन हुंगला.

"नऊ वर्सा झाडार होतो, तरी झाडाचो वास लागाक नाय मेल्याक," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजला आणि गाव बाहेर पडला. तराफ्यावर गुरं, होड्यांत खुराडी, त्यात कोंबड्यांचा कलकलाट. वाळूच्या दांड्यावर संध्याकाळपर्यंत जत्रा भरल्यासारखी झाली. खोपींतून माशाच्या कालवणाचा वास येत होता, पोरं किनाऱ्यावर धावत होती. मी एकटीच बेटाकडे तोंड करून बसले होते. दिवेलागणीची वेळ आणि समोर एकही दिवा नाही. आमचं बेट असं मी पूर्वीही पाहिलं होतं, पण पुढे ते कायमच असं दिसणार होतं.

माझ्या पिशवीत एक जुना डबा होता. विद्यार्थिदशेतलं हातयंत्र, साध्या सेलवर चालणारं. वटवाघळांचे आवाज आपल्याला ऐकू येतील इतके खाली उतरवून वाजवायचं आणि नोंदवायचं, एवढंच त्याला येत होतं. त्यात ना हाका, ना गाळणी. कर्णजालापुढे ते म्हणजे मोटारीपुढे हातगाडी. पण आकडा तर हवाच होता.

"बेटार पाय घालूचो नाय," मागून दादाचा आवाज आला. "पण पाणी शिवेभायर असा. होडी काडू?"

मी होय म्हटलं. त्याने वल्हं घेतलं आणि आम्ही निघालो. बेटाच्या कडेच्या उंडीच्या फांद्या पाण्यावर झुकलेल्या असतात. त्यांच्या खालून, हात लावता येईल इतक्या जवळून आम्ही गेलो. डबा टिकटिकत होता. परत येऊन नोंदी तपासल्या. आठ जाती. त्याच.

वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. माणसं नसतानाही आकडा वाढला नाही, म्हणजे माणसांचा दोष नाही असं निदान म्हणता तरी येईल.

दुसऱ्या संध्याकाळी दहा निघाल्या.

दोन जाती वाढल्या होत्या, तेही दोनच दिवसांत. बिवलकरांचं म्हणणं खरं ठरत होतं. माणूस गेला की वटवाघूळ येतं. मी दादाला काही सांगितलं नाही, पण त्याला माझा चेहरा वाचता येतो, लहानपणापासून.

तिसऱ्या संध्याकाळी राईच्या टोकाशी आल्यावर त्याने वल्हं थांबवलं.

"ती बग," तो हळूच म्हणाला. "मोठ्या कानाची."

पाण्यालगतच्या पानांमधून एक करडी सावली सरकत होती. डब्यातून जेमतेम कुजबुज ऐकू आली.

"तुका कसा कळला?"

"तिचो ढंग बग. पानाक लागान उडता आणि मधीच थांबता. आपली आये म्हणायची, ही किड्याचो पाय पानार वाजलेलो आयकता. वरडत नाय ही. गपचूप आयकता आणि उचलता." तो ओळखीचं माणूस भेटल्यासारखा हसला. "किती वर्सांनी इली बाय माझी!"

"किती वर्सांनी?"

"तू चाळीस कान बांदलंस मा? तेच्या फुडच्या पावसापासून दिसाक नाय. गुहेतली ती बारकी, नाकार पान असलली, ती नव्वद कान झाले तेवा गेली."

मी नऊ वर्षं आलेख काढत होते. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर जाती. आडव्या अक्षावर कानांची संख्या घालून बघावी, हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. बारा कान, तेरा जाती. चाळीस कान, अकरा. नव्वद, नऊ. एकशे साठ, आठ.

एकशे साठ कान, प्रत्येकाची सेकंदाला दोन हाका, त्या दोन-अडीच किलोमीटरच्या बेटावर, रोज रात्रभर. आपल्याला शांत वाटणारी राई त्यांच्यासाठी आठवड्याचा बाजार झाली होती. जी वटवाघळं जोरात ओरडून शिकार करतात ती कशीबशी तगली. जी किड्याचं पाऊल ऐकून जगतात, त्यांनी बाजारात कुजबुज ऐकायची कशी? ती निघून गेली होती, किनाऱ्यावरच्या कुठल्यातरी कपारींत. आणि माझ्या यंत्राला हे कळणं शक्यच नव्हतं, कारण स्वतःचा आवाज ऐकायचा नाही असं मीच त्याला शिकवलं होतं. पदक मिळवून!

"माका कित्या सांगलंस नाय दादा?" मी विचारलं.

"तू इचारलंस खंय?" तो म्हणाला. त्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. "तू यंत्राक इचारीत होतंस."

मी होडीत बसून हमसून हमसून रडले. त्याने थोडा वेळ रडू दिलं, मग डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, "रडान झाला काय मोज. काळोख पडता हा."

त्या संध्याकाळी तेरा जाती मिळाल्या.

पण नुसत्या तेराने काम होणार नव्हतं. रात्री खोपीत पडल्या पडल्या ते माझ्या लक्षात आलं. बेटावरून दोन गोष्टी एकदमच गेल्या होत्या. कानही गेले होते आणि माणसंही. जाती परतल्या त्या कान गेल्यामुळे, की माणसं गेल्यामुळे? बिवलकर म्हणणार, माणसं गेल्यामुळे. आणि त्यांना खोटं पाडायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. एकच उपाय होता. माणसांना परत जाऊ द्यायचं, कान मात्र बाहेर ठेवायचे, आणि पुन्हा मोजायचं. आकडा टिकला तर गाव वाचला. पडला तर मीच गावाविरुद्ध शेवटचा पुरावा दिल्यासारखं होणार होतं.

पहाटे मी बिवलकरांना फोन केला आणि सगळं सांगितलं, खोट्या दुरुस्तीसकट.

"मॅडम, तुमचं कर्णजाल देशात एकतीस अभयारण्यांत आहे," ते म्हणाले. "दोन वाड्या आपण आधीच हलवल्यात."

"ठाऊक आहे. म्हणूनच तुम्ही स्वतः या. चूक असेल तर माझं नाव घालून लिहा. पण आज संध्याकाळी इथे या."

ते आले. ते सूड घेणारे नव्हते, नियमाने चालणारे होते, आणि नियमाने चालणारा माणूस पुराव्यापुढे कधीतरी वाकतो.

चौथ्या दिवशी देवाचा परतण्याचा कौल झाला आणि ढोल वाजवत गाव परतला. चुली पेटल्या, गुरं हंबरली, कोंबड्या आपापल्या परड्यात गेल्या. माझे कान पाट्यांत घालून, बंद अवस्थेत, होडीतच ठेवले होते. ऊन उतरलं तशी मी देवळासमोर डबा घेऊन उभी राहिले. शेजारी बिवलकर, पायांत बूट आणि बुटांत वाळू. आज काय ठरणार आहे ते दादाने सगळ्यांना सांगितलं होतं. त्यामुळे सगळा गाव देवळाच्या अंगणात गोळा झाला, आणि श्वास रोखून गप्प बसला. पोरांच्या तोंडावर आयांनी हात ठेवले होते. कोणी शिंकलं तर दहा जण त्याच्याकडे वटारून बघत होते.

"घाडीमॅडम," बिवलकर हलकेच म्हणाले, "हे चालणार नाही. माणसं गप्प बसली तर प्रयोग खोटा."

त्यांचं बरोबर होतं. मी देवळाच्या पायरीवर चढले.

"अशे गप रवू नका!" मी ओरडले. "रोजच्यासारखे वागा. दिवे लावा. मसालो वाटा. बोला. भांडा!"

कोणी हललं नाही. आयुष्यभर बोलू नका म्हणून सांगितलं तरी न ऐकणारी माझी माणसं, नेमकी आजच शहाणी झाली होती. मला रडावं की हसावं कळेना. शेवटी सुगंधावहिनी पुढे झाली, पदर खोचला आणि शेजारणीकडे वळली.

"गे शेवंते! माझ्या पोफळीच्यो सुपाऱ्यो कोणी येचल्यान, ता आदी सांग!"

शेवंती क्षणभर बावरली. पण हे भांडण अकरा वर्षांचं जुनं, ते तिच्या अंगात मुरलेलं होतं. "तुझ्यो सुपाऱ्यो माझ्या आंगणात पडतत, मगे त्यो माझ्योच!"

"पोफळ कोणाची?"

"आंगण कोणाचा?"

मग अंगण मोकळं सुटलं. कोणी शेवंतीच्या बाजूने, कोणी वहिनीच्या. कुठे पाट्यावर वरवंटा घसटू लागला, कुठे रेडिओ लागला, कुत्री भुंकू लागली, मघापासून तोंडं दाबून ठेवलेली पोरं किंचाळत देवळाभोवती धावू लागली. त्या सगळ्या गदारोळात मी डबा उंच धरला आणि दिवेलागणीला वटवाघळं बाहेर पडली.

मी आकडे मोठ्याने सांगत होते आणि बिवलकर वहीत लिहीत होते. आठ आल्या, मग दहा. कौलांखालून लहानगी निघाली, गुहेच्या बाजूने नाकावर पान असलेली आली. अकरा, बारा. मग बराच वेळ काही नाही. वहिनी भांडता भांडता माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते, पण तिने आवाज खाली येऊ दिला नाही.

"थंय," दादा म्हणाला.

देवळाच्या कौलांलगत, माणसांच्या डोक्यावरून हातभर वर, मोठ्या कानाची आली. पानाला लागून उडाली, मध्येच थांबली, आणि शेवंतीच्या अंगणातला एक नाकतोडा उचलून गेली. डब्यातून कुजबुज आली.

"तेरा!"

मी डबा खाली घेणार, तोच त्यातून एक नवीनच आवाज आला. फार वरच्या पट्टीचा, दोन तुकड्यांचा. मी नोंद तपासली, पुन्हा तपासली. तेराही जातींत तो बसत नव्हता, आणि माझ्या माहितीतल्या कुठल्याच जातीत बसत नव्हता.

"चौदा," मी म्हटलं, आणि पायरीवर बसले.

अंगणात जो कल्लोळ झाला, त्यात शेवंतीने वहिनीला मिठी मारली. पण बिवलकर वही मिटून तसेच उभे होते.

"एक राहिलं," ते म्हणाले. "कान लावा."

दादाने मान हलवली. "आना रे ते." चौघांनी पाट्या उचलून अंगणाच्या कडेला आणून ठेवल्या. मी कान एकेक चालू करत गेले. आणि माझ्या हातातला डबा ओरडू लागला.

या डब्यात गाळणी नव्हती. माझ्या यंत्राचा आवाज मी नऊ वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते. टक-टक-टक-टक, न थांबणारा, एकावर एक कोसळणारा, शंभर सोनार एकाच खोलीत हातोड्या मारत बसावेत तसा. पोरांनी कान झाकले. चार मिनिटांत राईच्या बाजूची हालचाल थांबली. मोठ्या कानाची गेली, नवीन आवाज गेला, नाकावर पान असलेली गेली. बारीक आवाजाची एकही उरली नाही.

"ह्या?" शेवंती कुजबुजली. "ह्या तेंका रोज रात्री?"

मी एकशे साठही बंद केले. मान वर करून मी बिवलकरांना म्हटलं, "लिहा. दोष वस्तीचा नाही, यंत्राचा आहे. यंत्र कालिंदी घाडी यांनी बनवलेलं. सगळीकडचे कान उद्याच बंद करा, आणि त्या दोन वाड्यांतल्या माणसांना मी स्वतः जाऊन सांगते."

त्यांनी लिहिलं. लिहून झाल्यावर वही माझ्यापुढे धरली आणि मी सही केली. आयुष्यात मी अनेक सह्या केल्या, पण या सहीनंतर जसं मोकळं वाटलं तसं कधीच वाटलं नाही. तोवर राईत पुन्हा हालचाल सुरू झाली होती.

दादा माझ्याजवळ येऊन बसला. "जेवक चल," एवढंच म्हणाला. सात महिन्यांनी जेवायचं बोलावणं आलं.

मार्गशीर्षातल्या बैठकीत मला बरंच ऐकून घ्यावं लागलं, आणि ते योग्यच होतं. मी पदक परत द्यायला निघाले तर घेणारं खातंच सापडेना, म्हणून ते अजून कपाटात आहे. मी त्या दोन्ही वाड्यांवर गेले. एकीकडे शिव्या खाल्ल्या, दुसरीकडे चहा. एक वाडी माघात परत आपल्या जागी गेली, दुसरीचा कागद हलतो आहे, आणि तो हलेपर्यंत मी त्यांच्या उंबऱ्याला जात राहणार आहे. अभयारण्यांतून बारीक आवाजाची वटवाघळं परतल्याच्या बातम्या रोज येत होत्या. एकतीसपैकी तेवीस ठिकाणी आकडे वाढले होते.

फाल्गुनात राजपत्र आलं. मी ते घेऊन बेटावर गेले. गाव देवळासमोर जमला होता. वस्ती हलवण्याचं कलम रद्द झाल्याचं मी वाचलं, तेव्हा टाळ्या झाल्या. पण त्याखाली आणखी एक परिच्छेद होता. तो बिवलकरांनी स्वतः लिहिला होता, हे मला त्यांच्या भाषेवरून कळलं.

"'वरवंटा बेटावरील वटवाघळांची गणना हातयंत्राने, ग्रामस्थांकडून, गावपळणीनंतर वस्ती परतल्याच्या संध्याकाळी करण्यात यावी. गणनेच्या वेळी ग्रामस्थांनी नेहमीप्रमाणे वागावे. पुढील गणनेचे वर्ष: ग्रामदेवतेचा कौल मिळेल ते.'"

दादाने डोक्यावरची टोपी सारखी केली.

"परत वाच," तो म्हणाला.

"सगळा?"

"शेवटचा तेवडा."

"'पुढील गणनेचे वर्ष: ग्रामदेवतेचा कौल मिळेल ते.'"

दादा उठला, देवासमोर नारळ धरून उभा राहिला आणि त्याने गाऱ्हाणं सुरू केलं. त्याचा आवाज पहिल्याच शब्दाला भरून आला होता.

"बा देवा म्हाराजा! आज जो सगळो गाव तुझ्या पायाकडे जमलो हा..."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"सरकारान तुझो शबुद कागदार लिवन धाडल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

"तर ही त्रेचाळीस घरां आणि चवदा जातींची वागळां, ही सगळी तुझी लेकरां. तेंची राखण कर. आणि आमच्या कालिंदीक यंत्राबरोबर माणसांकडय इचारूची बुदी दी रे म्हाराजा!"

मी नास्तिक आहे. "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडले.